हवा बदलतेय, बागही बदलूया
भाग ६ : मृगाच्या बियांचं काय करायचं?

मृग लागला की वेलांचं बी मातीत जायलाच हवं, असं घरोघरी अजूनही बजावलं जातं. दोडका, काकडी, पडवळ, लाल भोपळा हे सारे मृगाचे मानकरी. मृग आजही ७-८ जूनलाच लागतो. पावसाचं मात्र काही खरं नाही. मुंबईत मोसमी पाऊस २०२३ साली २५ जूनला आला आणि २०२५ साली २६ मेलाच. अशा दोन सालांवरून हवामानबदल सिद्ध होत नाही, पण मुहूर्तावर विसंबून बी टोकणं धोक्याचं झालंय एवढं नक्की.

शेतात बी टोकलं आणि पावसाने दडी मारली, तर जमिनीच्या पोटातली ओल काही दिवस तग धरते. कुंडीला पोटच नसतं. त्यात गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला, म्हणजे कुंडीला खालूनही चटका. पहिल्या सरीने हुरळून पेरलेलं बी उगवतं आणि पुढच्या उघडिपीत कोंब करपतात. उलट एकाच रात्रीत धो धो कोसळला, की तेच बी कुजतं.

म्हणून सगळं बी एकदम टोकू नका. निम्मं हातचं ठेवा. पहिला हप्ता चहाच्या कागदी कपात, तळाला भोक पाडून, ग्रिलच्या आडोशाला लावा. काकडी-दोडक्याच्या मुळांना धक्का सोसत नाही, त्यामुळे दोन खरी पानं फुटली की कप फाडून मातीच्या गड्ड्यासकट रोप कुंडीत बसवा. दुसरा हप्ता पंधरा-वीस दिवसांनी. एक हप्ता हुकला तरी दुसरा हाती लागतो. कुंडीतल्या मातीवर वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या. उघडिपीत तो ओल धरतो आणि मुसळधार पावसात माती उडू देत नाही. तळाची भोकं मात्र मे महिन्यातच काडी घालून मोकळी करा. भर पावसात तुडुंब भरलेली कुंडी कलती करणं म्हणजे कमरेशी वैर.

वेल मांडवावर चढला, फुलं आली, पण फळ धरत नाही, ही तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते. उकाडा जास्त असेल तर या वेलांना नर फुलंच जास्त येतात. त्यात संततधार लागली की मधमाश्या फिरकत नाहीत. मग ते काम आपणच करायचं. नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाला लावायचा. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतंच. काकडी आणि लाल भोपळ्यासाठी सकाळी लवकर, दोडका आणि दुधीसाठी संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात. सकाळी दोडक्यापाशी जाऊन बसण्यात अर्थ नाही.

आपण सगळे पावसाच्या येण्याकडे डोळे लावून बसतो, पण खरा बदल जाण्यात आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईत आगमन १० ऐवजी ११ जून, म्हणजे एकाच दिवसाचा फरक. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. बागेच्या हिशेबात ही मोठी गोष्ट आहे. नवरात्रात टाकलेली मेथी-कोथिंबीर परतीच्या पावसात झोपते, आणि वाचलीच तर ऑक्टोबरच्या उन्हात कोथिंबीर कोवळेपणीच फुलावर येते. तेव्हा हिवाळी पालेभाज्यांची घाई सोडा. रात्री पंखा नकोसा वाटू लागला की मेथी टाका. तोवर कुंड्या रिकाम्या नकोत म्हणून राजगिरा आणि मायाळू आहेतच; उकाडा आणि पाऊस दोन्ही ते हसत सोसतात. पालकाइतके ते मुलांना आवडत नाहीत, हे मान्य.

यंदा एक करा: पहिली पेरणी, पहिली उघडीप, पहिलं फळ आणि शेवटचा पाऊस यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात उन्हाळ्यातल्या टोमॅटोची फुलं का गळतात, ते पाहू.