तुमची केबल किती बिट वाहून नेते?

घरात नवा ४के टीव्ही आला, त्याला संगणक जोडला आणि पडदा मधूनच काळा होऊ लागला, तर संशय कोणाचा घ्याल? बहुतेक लोक टीव्हीला दोष देतात. दोघांना जोडणाऱ्या एचडीएमआय केबलकडे कोणाचे लक्षच जात नाही. पण प्रत्येक केबलची वहनक्षमता मर्यादित असते. ती पुरेशी आहे की नाही, हे आपण वही-पेन्सिल घेऊन आणि एक साधा प्रयोग करून ठरवू शकतो.

आधी हिशेब

४के पडद्यावर २,१६० आडव्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत ३,८४० चित्रबिंदू. गुणाकार करा : ८२,९४,४०० बिंदू झाले. हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचे असते. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यासाठी तांबडा, हिरवा व निळा यांचे प्रत्येकी ८, म्हणजे एकूण २४ बिट लागतात. बिट म्हणजे ० किंवा १. हे सारे गुणले की सेकंदाला सुमारे ११.९ अब्ज बिट होतात.

हिशेब इथे संपत नाही. दोन ओळींच्या व दोन चित्रांच्या मध्ये थोडा अवकाश सोडलेला असतो. शिवाय दर ८ बिट हे १० बिटांच्या संकेतात बदलून पाठवले जातात. हे सर्व धरले तर गरज १७.८२ अब्ज बिटांवर जाते.

केबलवर काय वाचावे?

२००९ मधील एचडीएमआय १.४ या मानकाची मर्यादा सेकंदाला १०.२ अब्ज बिट होती. २०१३ च्या २.० मध्ये ती १८ अब्ज आणि २०१७ च्या २.१ मध्ये ४८ अब्ज झाली. हे आकडे मुख्यतः उपकरणांसाठी आहेत. केबल घेताना तिचे नाव पाहावे. 'प्रीमियम हाय स्पीड' केबल १८ अब्जांसाठी आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' केबल ४८ अब्जांसाठी तपासलेली असते. नुसते 'हाय स्पीड' लिहिले असेल, तर ४के चित्र सेकंदाला ६० वेळा येईलच याची खात्री नाही.

सोन्याच्या मुलाम्याने टोके गंजत नाहीत, पण चित्र काही सुधारत नाही. टीव्ही फक्त एवढेच ओळखतो, की आलेला संकेत ० आहे की १. ओळख बरोबर पटली की चित्र अगदी मूळचे. केबल लांब असेल तर जलद बदलणारे संकेत वाटेत अधिक क्षीण होतात आणि ओळख चुकू लागते. मग पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात, पडदा काळा होतो किंवा चित्र येतच नाही. रंग नुसते फिके दिसत असतील, तर दोष बहुधा केबलचा नसतो.

आता प्रयोग

१. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय जोडणीचा उच्च दर्जा चालू करा. अनेक टीव्हींत तो सुरुवातीला बंद असतो.

२. संगणकावर ३८४० × २१६०, ६० हर्ट्झ आणि आरजीबी रंग निवडा. रंगाची निवड विसरू नका. एरवी उपकरण रंगांची माहिती गुपचूप कमी करून भार हलका करू शकते आणि तुमची परीक्षा खोटी ठरते.

३. अर्धा तास चित्र पाहा.

४. दोष दिसला तर फक्त केबल बदला, आखूड आणि खात्रीची लावा. बाकी काहीही हलवू नका. दोष गेला तर गुन्हेगार सापडला! दोष राहिला तर केबल निर्दोष समजा आणि शोध पुढे न्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू पडतो.

तुम्ही सोडवा

एचडीआर चित्रात प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १० बिट दिले, तर ते १८ अब्जांच्या केबलमधून पूर्ण रंगांसह जाईल का? १७.८२ ला ३० ने गुणा आणि २४ ने भागा. उत्तर सुमारे २२.३ अब्ज येते. म्हणजे रंगांची माहिती कमी करावी लागेल, नाहीतर अधिक क्षमतेची केबल आणि तशीच उपकरणे हवीत. दुकानात जाण्यापूर्वी हा हिशेब घरच्यांना जरूर करून दाखवा.