डोमिसाइल म्हणजे नक्की कुठलं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की रत्नागिरीच्या तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रांत एकच शब्द कानावर पडत राहतो. डोमिसाइल झालं का, डोमिसाइलला काय काय लागतं, कधी मिळेल? पावस-मालगुंडकडून सकाळच्या एसटीने आलेली मंडळीही हा शब्द सराईतपणे बोलतात. छापील कागदावर त्याचं नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' असं लांबलचक आहे. पण पुष्कळ जण गावातून आणलेला रहिवासी दाखला पुढे करतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. दोन्ही एकच, असा समज असतो. यात त्यांचा दोष नाही, कारण फरक समजावून सांगणारं सहसा कुणी भेटत नाही.

रहिवास म्हणजे आज तुम्ही राहता ते ठिकाण. अधिवास म्हणजे तुमचं कायमचं घर ज्या मुलखात आहे तो मुलूख. कायदा त्यासाठी दोन गोष्टी बघतो: प्रत्यक्ष वास्तव्य आणि तिथेच कायम राहण्याचा इरादा. हा इरादा स्वखुशीचा लागतो. रत्नागिरीकरांना याचं उदाहरण घरचंच आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 साली कैदी म्हणून इथे आणला गेला आणि 1916 साली इथेच वारला. तीस वर्षांचा रहिवास, राजवाडा इथे, समाधीही इथेच. तरी कैदेत ठेवलेल्या माणसाला त्या जागेचा अधिवास मिळत नाही, हा कायद्याचा जुना दंडक. उलट त्याची थोरली राजकन्या बघा. राजाच्या मृत्यूनंतर कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, पण ती पुन्हा रत्नागिरीला आली ती आपल्या मनाने, आणि 1947 साली इथेच वारली. तिची मुलगी टुटू याच गावात लग्न करून संसाराला लागली, मराठी बोलत म्हातारी झाली. बाप इथला रहिवासी राहिला, लेक-नात इथल्या झाल्या.

आता थोडी कायद्याची गुंतागुंत. 'महाराष्ट्राचं डोमिसाइल' असं आपण म्हणतो खरं, पण घटनेच्या दृष्टीने अधिवास एकच, भारताचा. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली प्रदीप जैन खटल्यात हे स्पष्ट केलं आणि राज्यातल्या वास्तव्यासाठी हा शब्द वापरू नये असंही बजावलं. जानेवारी 2025 मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण रद्द करताना तोच मुद्दा पुन्हा आला. शब्द मात्र कचेरीत मुरलेला, तो हटत नाही. आपल्याला मिळतो तो दाखला एवढंच सांगतो, की हा भारतीय नागरिक महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहिलेला आहे. एमबीबीएसच्या राज्य कोट्यातून प्रवेश हवा तर हा दाखला लागतोच, शिवाय दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच लागते.

चाकरमान्यांची गल्लत वेगळीच. मुलगा जन्मला परळला, शिकला डोंबिवलीला, घर संगमेश्वरात. मग डोमिसाइल कुठलं काढायचं? मुंबई काय, संगमेश्वर काय, राज्य एकच. आज जिथे राहता तिथल्या कचेरीतून काढा, गावी धावायचं कारण नाही. गावी जावं लागतं ते जातीच्या दाखल्यासाठी. तिथे तुमचा नव्हे, तुमच्या आजा-पणज्याचा रहिवास मोजतात, तोही ठरलेल्या तारखेचा. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. त्या दिवशी घराणं ज्या गावचं होतं, तिथल्या प्रांताकडे अर्ज जातो. म्हणून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीतला उतारा, जुना सातबारा हे कागद मे महिन्यात आंब्याला गावी आलात तेव्हाच शोधून ठेवावेत. निकालानंतर शोधाशोध करणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत.

सासरी आलेल्या परप्रांतीय सुनांचा प्रश्न 2024 साली लाडकी बहीण योजनेमुळे एकदम उघड झाला. सुरुवातीला अधिवास प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्रातला जन्मदाखलाच मागितला होता. मग 15 वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळेचा किंवा जन्माचा दाखला यांपैकी काहीही चालेल असं ठरलं, आणि बाहेरच्या राज्यात जन्मलेल्या बाईला नवऱ्याचे कागद दाखवायची सोय झाली. हे फार बरं झालं.

एक माणूस मात्र या सगळ्यातून सुटतो. हापूसच्या बागेत रात्री बॅटरी घेऊन माकडं-डुकरं हाकणारा नेपाळी राखणदार, किंवा मिरकरवाड्याला बोटीवर जाळं ओढणारा त्याचाच भाऊबंद. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला, काम करायला मोकळीक आहे. पण दाखल्याच्या नावातच 'राष्ट्रीयत्व' आहे, त्यामुळे 20 वर्षं राहूनही तो रहिवासीच. त्याचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत बाराखडी शिकतो, वर्गातल्या पोरांसारखीच मराठी बोलतो. 1 जुलै 1987 नंतर जन्मलेल्या मुलाचे आई-बाप दोघेही परदेशी नागरिक असतील, तर जन्म रत्नागिरीत झाला म्हणून तो भारतीय ठरत नाही. ही गोष्ट त्या घराला बारावीनंतर सेतूच्या खिडकीवर कळते. ती शाळेने पाचवी-सहावीतच, पालकांना बोलावून, समजेल अशा भाषेत सांगायला हवी.