रोगलाइक खेळातील वस्तू व कृतींची मांडणी

रोगलाइक हा संगणकीय खेळांचा एक प्रकार आहे. यात प्रत्येक डावात नवा नकाशा यादृच्छिकपणे तयार होतो, खेळ पाळीपाळीने चालतो आणि पात्र मेल्यास डाव पहिल्यापासून सुरू करावा लागतो. ‘रोग’ या खेळावरून हे नाव पडले. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘भामटा’ असा असून मराठीतील ‘रोग’ शब्दाशी त्याचा संबंध नाही.

पार्श्वभूमी

मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास युनिक्स प्रणालीवर ‘रोग’ तयार केला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. त्यात चित्रांऐवजी अक्षरचिन्हे होती. ‘@’ म्हणजे खेळाडू, ‘!’ म्हणजे पेय व ‘?’ म्हणजे मंत्राची गुंडाळी. पिणे, वाचणे, खाणे अशा प्रत्येक कृतीला स्वतंत्र कळ होती.

वस्तू

प्रत्येक वस्तूची एक नोंद असते. तीत नाव, चिन्ह, वजन, गुणधर्म व परिणाम येतात. ‘रोग’मध्ये पेयांचे रंग दर डावात बदलतात, त्यामुळे वस्तूचे खरे नाव आणि खेळाडूला दिसणारे नाव वेगवेगळे ठेवावे लागते.

कृती

कृतीच्या नोंदीत तीन बाबी आवश्यक असतात: ती केव्हा करता येते, तिला किती वेळ लागतो आणि तिच्यामुळे काय बदलते. ‘अँगबँड’मध्ये प्रत्येक सजीवाला वेगानुसार ऊर्जा मिळत जाते व ती पुरेशी साठली की त्याची पाळी येते. एखाद्या कृतीचा वेळ चुकून शून्य ठेवल्यास खेळाडू शत्रूची पाळी येऊ न देता ती कितीही वेळा करू शकतो.

परस्परसंबंध

समजा, पुण्याच्या शनिवारवाड्यावर एक छोटा खेळ रचायचा आहे. वाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तींच्या धडकेपासून संरक्षणासाठी अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीच्या नोंदीत ‘या दरवाजाने इजा होते’ असे लिहिल्यास प्रत्येक नव्या प्राण्यासाठी तेच पुन्हा लिहावे लागेल. त्याऐवजी दरवाजाला ‘टोकदार’ हा गुणधर्म द्यावा आणि ‘धडक’ या कृतीत ‘समोरची वस्तू टोकदार असल्यास धडक देणाऱ्याला इजा’ असा नियम ठेवावा. मग घोडा असो वा सैनिक, नियम सर्वांना लागू होतो; टोकदार कुंपणासाठीही वेगळे काही लिहावे लागत नाही.

नोंदी ठेवण्याच्या पद्धती

‘नेटहॅक’मध्ये (१९८७) वस्तूंचा तक्ता सी भाषेतील प्रोग्रॅममध्येच आहे, त्यात बदल केल्यास प्रोग्रॅम पुन्हा संकलित करावा लागतो. ‘अँगबँड’मध्ये वस्तूंची माहिती साध्या मजकूर फाइलींत असते, त्यामुळे प्रोग्रॅमला हात न लावता अनेक बदल करता येतात. मात्र फाइलीतून सर्वच बदल करता येत नाहीत. पूर्णपणे नवी कृती हवी असल्यास तिचा नियम प्रोग्रॅममध्येच लिहावा लागतो.