जीपच्या मागील ॲक्सलचे हब व ब्रेक यांची पुनर्बांधणी

जुन्या जीपच्या मागील ॲक्सलवरील हब, बेअरिंग, ऑइल सील व ड्रम ब्रेक पूर्णपणे उघडून, तपासून आणि झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवण्याच्या कामास पुनर्बांधणी असे म्हणतात. विलिस कंपनीच्या मूळ आराखड्यावर आधारलेल्या गाड्यांमध्ये हब व ब्रेक एकमेकांत असे गुंतलेले असतात की एकाची दुरुस्ती दुसऱ्याला हात न लावता करता येत नाही. सील गळले की तेल ब्रेकवर येते आणि बेअरिंग सैल झाले की ड्रम डगमगून ब्रेक शूची झीज वाकडी होते. या गाड्यांच्या जलीय ब्रेक यंत्रणेत चारही चाकांसाठी एकच नळीमार्ग असतो. त्यामुळे एका चाकाच्या सिलिंडरमधून द्रव गळाला, तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जाऊ शकतात. घाट उतरणाऱ्या गाडीच्या दृष्टीने ही बाब किती गंभीर आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीप १९४१ ते १९४५ या काळात तयार झाल्या. त्यांचा मागील ॲक्सल फुल फ्लोटिंग, म्हणजे पूर्ण तरंगता होता. युद्धानंतर आलेल्या सीजे-२ए या नागरी जीपच्या सुरुवातीच्या गाड्यांत तोच ॲक्सल होता. पुढे मात्र अर्ध तरंगता ॲक्सल रूढ झाला. मुंबईच्या महिंद्रा आणि महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून विलिस जीपची जुळणी केली व नंतर परवान्याखाली उत्पादनही केले. सीजे-३बी हा नमुना अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाल्यानंतरही भारतात दीर्घकाळ बनत राहिला. महाराष्ट्रात जुन्या जीपची कामे जाणणारे कारागीर आजही भेटतात, ते याच परंपरेमुळे.

दोन प्रकारचे ॲक्सल

पूर्ण तरंगत्या ॲक्सलमध्ये गाडीचे वजन ॲक्सलच्या नळीवर असते. हब नळीच्या टोकावर दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर फिरतो. आतील शाफ्टकडे केवळ चाक फिरवण्याचे काम असते, म्हणून हबच्या तोंडावरील बोल्ट काढले की चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट बाहेर ओढता येतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते.

अर्ध तरंगत्या ॲक्सलमध्ये शाफ्टच वजनही पेलतो व चाकही फिरवतो. जुन्या जीपमध्ये या शाफ्टचे टोक निमुळते असून त्यावर हब घट्ट बसवलेला असतो. मध्ये एक चौकोनी चावी असते आणि बाहेरून खाचांचा नट व कॉटर पिन. चाक फिरवण्याचा सारा जोर चावीवर येतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. जोर मुख्यतः निमुळत्या पृष्ठभागांच्या घट्ट पकडीतून जातो आणि चावी ही केवळ साहाय्यक असते. नट ढिला राहिला की पकड सुटते, चावी कापली जाते व शाफ्टवरील खाच कायमची बिघडते. शाफ्टच बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर चाक, हब व ड्रम एकत्रच गाडीपासून वेगळे होतात.

उचलण्यापूर्वीची दक्षता

जीपचा हँडब्रेक मागील चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. नवख्या माणसाचा घात इथेच होतो. हँडब्रेक ओढून मागचे एकच चाक जॅकवर उचलले, तर प्रोपेलर शाफ्ट अडलेला असूनही डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलट दिशेस फिरू शकते, आणि त्या प्रमाणात जमिनीवरचे चाक पुढे सरकते. परिणामी गाडी जॅकवरून घसरते. हब काढलेला असताना किंवा शाफ्ट तुटलेला असतानाही हँडब्रेक याच कारणाने निरुपयोगी ठरतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावे लागतात आणि ॲक्सल जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावा लागतो. पुढच्या चाकांचा गिअर जोडून ठेवल्यास काही आधार मिळतो, पण गुटक्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

युद्धकालीन व अनेक जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे लक्षात न घेता जोर लावल्याने कित्येक स्टड तुटले आहेत.

हब काढणे

पूर्ण तरंगत्या ॲक्सलवर शाफ्ट ओढून काढल्यावर दोन षट्कोनी नट आणि त्यांच्यामधील वॉशर दिसते. वॉशरची वाकवलेली पट्टी सरळ करून नट उलगडले की हब हातात येतो.

निमुळत्या शाफ्टवरील हब मात्र वर्षानुवर्षे गंजून बसलेला असतो. त्यासाठी चाकाच्या स्टडवर आवळता येणारा जड पुलर वापरतात. ड्रमच्या कडेला पकडणारा साधा तीन पायांचा पुलर ड्रम वाकवतो. पुलर ताणून त्याच्या स्क्रूवर हातोड्याचा ठोका दिला जातो, आणि हब सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा आवाज होतो. अशा वेळी नट पूर्ण काढलेला असेल तर हब पुलरसह उडून समोरच्यास इजा करू शकतो. यासाठी नट काही आटे उलगडून शाफ्टवरच ठेवावा, ही कारागिरांची जुनी शिकवण आहे.

बेअरिंग आणि सील

रोलरवर खड्डे, रेघा किंवा उष्णतेने आलेला निळसर रंग दिसल्यास बेअरिंग बदलतात. बदलताना आतील कोन व बाहेरील कप अशी जोडीच बदलावी लागते, कारण जुन्या कपावर नवा कोन फार काळ टिकत नाही. ग्रीस रोलरच्या पिंजऱ्यात तळहाताने दाबून आतपर्यंत भरले जाते.

ग्रीस दुधासारखे पांढरट झाले असेल, तर आत पाणी गेले आहे असे समजावे. ओढ्यानाल्यांतून चालणाऱ्या गाडीत हे वारंवार घडते. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या फटीतून पाणी शोषले जाते. याच्या उलट, ॲक्सलवरील श्वासनळी चिखलाने बुजली असेल, तर तापून प्रसरण पावणारी हवा गिअर ऑइलला सीलबाहेर ढकलते आणि ते ब्रेकवर पोहोचते. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नसेल, तेव्हा दोष बहुधा या बारीकशा श्वासनळीत असतो. सील ज्या पृष्ठभागावर घासते तेथे खोबण पडली असल्यास नवे सीलही गळते.

ब्रेक

मूळ ड्रम ९ इंची असून प्रत्येकात दोन शू व दोन पिस्टनचे एक व्हील सिलिंडर असते. मागील सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, तर पुढच्याचा एक इंच असतो. गाडी थांबताना वजन पुढे झुकते, म्हणून मागे कमी जोर पुरतो. बाजारात ही दोन्ही सिलिंडरे जवळजवळ सारखी दिसतात, तेव्हा खरेदी करताना व्यास मोजून घेणे इष्ट.

ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषतो. त्यामुळे उभ्या राहिलेल्या गाडीत सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात व रबरी कप फाटतात. खड्डे खोल असल्यास केवळ कप बदलण्याऐवजी संपूर्ण सिलिंडर बदलणे शहाणपणाचे असते. या यंत्रणेत इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही जाऊ देऊ नये, कारण त्याने रबर फुगते. तेलाने भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. लायनरमध्ये मुरलेले तेल ब्रेक तापल्यावर पुन्हा बाहेर येते, म्हणून ती टाळावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

जुळणी

पूर्ण तरंगत्या हबचा आतील नट चाक फिरवत फिरवत ते जड होईपर्यंत आवळतात आणि मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घेतात. त्यानंतर वॉशर व बाहेरील नट लावून पट्टी वाकवतात. निमुळत्या शाफ्टच्या नटाबाबत नियम नेमका उलटा आहे. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे ठेवून नट किमान १५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २०० न्यूटन-मीटर, इतका आवळावा. कॉटर पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट पुढे न्यावा, मागे कधीही घेऊ नये. शाफ्टची आत-बाहेर हालचाल ब्रेकच्या पाठपत्र्यामागील पातळ शिम कमी-जास्त करून इंचाच्या काही सहस्रांशांवर आणली जाते.

शूचे समायोजन खालील अँकर पिन व वरील कॅम फिरवून होते. शूच्या खालच्या टोकाशी ०.००५ इंच आणि वरच्या टोकाशी ०.००८ इंच फट ठेवण्याचा प्रघात आहे. शेवटी मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून हवा काढली जाते. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर कोठेतरी हवा उरली आहे असे समजून तेच काम पुन्हा करावे लागते. पहिल्या काही किलोमीटरनंतर निमुळत्या शाफ्टचे नट पुन्हा तपासतात, आणि दोन्ही ड्रम हाताने चाचपून एखादा अवास्तव तापला आहे का ते पाहतात. तसा तापला असल्यास त्या बाजूचे शू अधिक घासत आहेत किंवा बेअरिंग फार घट्ट बसले आहे, असा त्याचा अर्थ होतो.