भंडारदऱ्याच्या काठाने, विजेच्या सायकलीवर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम सरहद्दीवर, जिथे अकोले तालुक्याची हद्द संपते आणि सह्याद्रीचा कडा एकाएकी कोकणात कोसळतो, तिथे भंडारदरा जलाशयाला वळसा घालणारा जो सुमारे चाळीस किलोमीटरांचा रस्ता आहे, त्याचा खरा काळ पावसाळा नव्हे, तर आश्विनाचा उत्तरार्ध आणि कार्तिकाचा आरंभ होय. पावसाळ्यात लोक इथे धबधबे पाहायला येतात आणि पुष्कळदा धुके पाहून परत जातात. शरदात आकाश निवळते, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर पायथ्यापासून माथ्यापर्यंत लख्ख दिसते, उतारांवरची सोनकी सरत आलेली असली तरी खुरासणीची पिवळी शेते अजून डोलत असतात, आणि खाचरांतला भात कापणीला येऊ लागतो.

हा मुलूख मोटारीच्या काचेआडून पाहणे म्हणजे न पाहणेच होय, आणि साध्या सायकलीवर त्याचे चढ झेपतील असे गुडघे थोड्यांच्याच नशिबी असतात. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरांची मर्यादा पाळणाऱ्या विजेच्या सायकलीला परवाना लागत नाही की नोंदणी. पायडल स्वारानेच मारायचे असते, मोटर चढावर त्यात आपला वाटा घालते. व्यायामाचे कडवे उपासक ह्यावर नाक मुरडतात. त्यांनी ते खुशाल मुरडावे.

शेंडी गावातून निघावे. जवळच प्रवरेवरचे विल्सन धरण आहे. १९२६ साली पुरे झालेल्या ह्या सुमारे ८२ मीटर उंचीच्या दगडी बांधकामाला मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन ह्यांचे नाव मिळाले. धरणाचे पाणी कालव्यांवाटे पूर्वेकडच्या सखल प्रदेशात उसाला जाते, आणि काठावरचे महादेव कोळी व ठाकर शेतकरी मात्र पावसाच्या भरवशावर भात, नागली आणि वरई पिकवतात. साखर कारखान्यांच्या वैभवाचे गोडवे गाताना ह्या गावांचा उल्लेख कोणी फारसा करत नाही.

शेंडीहून उत्तरेच्या काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे मागे टाकीत घाटघरकडे जाण्याचा क्रम मला अधिक पसंत आहे, कारण बॅटरी भरलेली असतानाच चढांशी सामना होतो. मोटरीचा आवाज जवळजवळ नसल्यामुळे बांधावरच्या बाईची हाक, ओढ्याचे उरलेसुरले पाणी आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहिले म्हणजे समोर अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रय आणि पायाखाली शहापूर तालुक्याचा प्रदेश दिसतो. पण ज्या गोष्टीपाशी थबकावे ती डोळ्यांना दिसतच नाही. ह्या कड्याच्या पोटात, जमिनीखाली, २५० मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. २००८ साली कार्यान्वित झालेल्या ह्या प्रकल्पात, विजेची मागणी वाढली की वरच्या जलाशयातले पाणी खाली कोकणातल्या जलाशयात सोडून वीज निर्माण करतात, आणि मागणी ओसरली की तेच पाणी पंपांनी पुन्हा कड्यावर चढवतात. चढवायला लागणारी वीज उतरताना मिळणाऱ्या विजेहून अधिक असते, तरी ऐन निकडीच्या घटकेची वीज मोलाची, म्हणून हा तोट्याचा व्यवहार परवडतो. आपल्या सायकलीची बॅटरीही रात्रीची वीज साठवून दिवसा चढावर खर्चते. फक्त ती चारदोनशे वॅट-तासांची, म्हणजे अर्ध्या युनिटाच्याही आतली. एवढ्याशा शिदोरीवर माणूस कड्यापर्यंत येतो ह्याचे मला कौतुक वाटते.

घाटघरपुढच्या साम्रद गावची सांदण दरी पायी पाहण्याची आहे. तिच्यासाठी वेगळा दिवस राखावा. पुढचे रतनवाडी मात्र घाईने ओलांडू नये. रतनगडाच्या पायथ्याशी, जिथून प्रवरेचा उगम जवळ आहे, तिथले अमृतेश्वराचे शिलाहारकालीन मानले जाणारे मंदिर भूमिज शैलीच्या शिखरामुळे महाराष्ट्रातल्या थोड्या उत्तम नमुन्यांत गणले जाते. शिखरावर लहान लहान शिखरप्रतिकृतींच्या ओळी वर चढत गेल्या आहेत, आणि जवळच्या पुष्करणीच्या भिंतींत कोनाडे करून त्यांत मूर्ती बसवल्या आहेत. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी शिरते. शरदात ते ओसरून पिंडीचे दर्शन होते. बॅटरी इथवर निम्म्याखाली आली असेल, तर एखाद्या चहाच्या टपरीवर विचारून चार्जर लावावा आणि विजेचे पैसे न मागता द्यावेत.

परतीची कोलटेंभे, मुतखेलची वाट जलाशयाच्या दक्षिण काठाने जाते. शनिवारी-रविवारी तिच्यावर मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागते, म्हणून हा प्रवास आठवड्याच्या मधल्या दिवशी करावा. कापणीच्या दिवसांत डांबरावर कुठे धान्य वाळत घातलेले आढळले, तर घंटी न वाजवता उतरून सायकल कडेने न्यावी.