विषाणुजन्य न्यूमोनियावरील अल्पमात्रा किरणोपचार

विषाणुजन्य न्यूमोनियाच्या रुग्णाच्या दोन्ही फुप्फुसांना क्ष-किरणांची अत्यल्प मात्रा, बहुधा एकदाच, देण्याच्या उपचारास अल्पमात्रा किरणोपचार म्हणतात. ही मात्रा साधारणतः ०.५ ते १.५ ग्रे असते. ग्रे हे शरीराने शोषलेला किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक होय. कर्करोगावरील उपचारात काही आठवड्यांत मिळून ६० ग्रे किंवा कधी त्याहूनही अधिक मात्रा दिली जाते.

या उपचाराने विषाणू मरत नाही. तसा त्याचा हेतूही नाही. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद काही रुग्णांत अनावर होतो, वायुकोशांत द्रव साठतो आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. हा दाह शमवणे हे उद्दिष्ट असते. अल्प मात्रेमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटण्याचे प्रमाण घटते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे. जर्मनीत टाचेच्या व सांध्यांच्या दुखण्यावर अशा मात्रा आजही वापरल्या जातात.

== इतिहास ==

अमेरिकेत मसर व एडसॉल यांनी १९०५ मध्ये न्यूमोनियावर क्ष-किरण वापरले. १९४३ मध्ये ओपेनहायमर यांनी विषाणुजन्य न्यूमोनियावरील आपले अनुभव प्रसिद्ध केले (अणुबाँबशी संबंधित ओपेनहायमर ते हे नव्हेत). कॅलाब्रीज व धवन यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात अशा १५ अभ्यासांतील सुमारे ७०० रुग्णांची नोंद आहे. सल्फा औषधे व पेनिसिलीन आल्यावर ही पद्धत मागे पडली. पुढे किरणोत्सर्गामुळे कर्करोग होण्याचा धोकाही स्पष्ट झाला.

== कोविड-१९ ==

२०२० मध्ये खात्रीचे औषध हाती नसताना ही जुनी पद्धत पुन्हा चर्चेत आली. अटलांटातील एमरी विद्यापीठात पाच रुग्णांना १.५ ग्रे मात्रा दिली गेली. त्यांपैकी चौघांची प्रकृती लवकर सुधारली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दहा रुग्णांना ०.७ ग्रे देण्यात आले व नऊ बरे झाले.

हे आकडे आशादायक वाटले, तरी कोविडचे बहुसंख्य रुग्ण एरवीही बरे होत होते. त्यामुळे किरण न दिलेल्या तशाच रुग्णांशी तुलना केल्याखेरीज श्रेय कशाला द्यावे, हे ठरत नाही. जुन्या ७०० रुग्णांच्या नोंदींतही मुख्य उणीव हीच होती.

स्वित्झर्लंडमधील चाचणीत अशी तुलना झाली. कृत्रिम श्वसनयंत्रावरील २२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन समान गट केले गेले. एका गटाला १ ग्रे मात्रा मिळाली. दुसऱ्याला यंत्राखाली ठेवूनही किरण दिले नाहीत. कोणाला काय मिळाले, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. पंधरा दिवसांत श्वसनयंत्राविना गेलेले दिवस दोन्ही गटांत सारखेच भरले, आणि २८ दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाणही. किरण मिळालेल्यांच्या रक्तातील लिंफोसाइट मात्र अधिक घटले. रुग्णसंख्या लहान होती आणि रुग्ण अत्यवस्थ होते, म्हणून आजाराच्या आधीच्या टप्प्याविषयी या चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. दरम्यान ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे दिसले होते, आणि दाह शमवण्यासाठी डॉक्टरांनी तेच स्वीकारले.