घर जुनं होताना (लेखांक १४) : पोत आणि पोपडे

ठाण्याच्या नौपाड्यात सध्या एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे उद्योग चाललेले दिसतात. इकडे हिरव्या जाळीआड जुनी तीन-चार मजली इमारत पाडली जातेय. तिकडे नव्या टॉवरच्या सँपल फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीला मुद्दाम ढगाळ, डागाळलेला रंग दिलाय आणि माहितीपत्रकात त्याचं नाव आहे ‘वाबी-साबी’. घंटाळी, विष्णूनगर, ब्राह्मण सोसायटी या पट्ट्यात ज्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे ते हसून विचारतात, ‘आमच्याही भिंतीला डाग होतेच की, मग आम्ही काय पाप केलं होतं?’ प्रश्न थट्टेचा आहे, पण उत्तर द्यायला बसलं तर या विषयाचं मर्मच हाती लागतं.

आधी मूळ गोष्ट. सोळाव्या शतकातल्या जपानात चहापानाचा मोठा थाट असे. चिनी भांडी, मोठी दालनं, पाहुण्यांवर छाप पाडायची सगळी तजवीज. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूने तो थाट उतरवला. क्योतोजवळ यामाझाकीच्या म्योकीआन मंदिरात ‘ताई-आन’ नावाची त्याची म्हणून मानली जाणारी खोली अजून उभी आहे. दोन ताटामी चटयांची, म्हणजे सुमारे ३५ चौरस फुटांची. आपल्या जुन्या चाळीतली मोरी जरा ऐसपैस केली तर एवढीच होईल. भिंती मातीच्या, गिलाव्यातला पेंढा दिसणाऱ्या. दार इतकं बुटकं की सरदारालाही गुडघ्यावर आत यावं लागे. चहाचे वाडगे घडवायला त्याने चोजिरो या कौलं करणाऱ्या कारागिराला हाताशी धरलं. वापराने, वयाने आणि हाताच्या चुकांनी वस्तूला जे येतं ते लपवू नये, ही वाबी-साबीची दृष्टी तिथे पक्की झाली. त्याचा धनी हिदेयोशी याने मात्र सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, सुटी करून नेता येणारी चहाची खोली करवून घेतली होती. पुढे त्याच्याच हुकमावरून रिक्यूला आत्महत्या करावी लागली.

एक गोष्ट सांगून टाकतो. रिक्यू साकाईच्या व्यापारी घराण्यातला होता. ही साधेपणाची आवड पहिल्यापासून भरल्या पोटाची आहे. तेव्हा सँपल फ्लॅटमधली महागडी गरिबी हे काही आजचं भ्रष्टीकरण नव्हे. आक्षेप घ्यायचाच तर दुसऱ्या जागी घ्यावा लागेल : भिंत कशाची आहे?

चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो विरतो, आणि भिंतीवर चढल्यावर हवेतला तोच वायू परत ओढून घेत हळूहळू दगड होत जातो. केसाएवढी चीर पडली तर ओलाव्यात विरघळलेला चुना तिथे पुन्हा जमून ती बुजवतो. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू शकते. म्हणून जुन्या चुन्याच्या भिंतीवरचे ढग पाहायला बरे वाटतात : ती भिंत म्हातारी होतेय, आजारी नाही.

आता नौपाड्यातली साठ-सत्तरच्या दशकातली आरसीसी इमारत घ्या. इथे तोच वायू उलटं काम करतो. काँक्रीटमधला अल्कधर्मी गुण आतल्या सळईला गंजापासून वाचवत असतो. वायू वर्षानुवर्षं आत झिरपत तो गुण घालवतो. सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो आणि स्लॅबचा खालचा थर ढकलून पाडतो. त्यात ठाण्याचा पाऊस, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. चुन्याला जे वय घट्ट करतं ते आरसीसीला पोखरतं. छताचे पोपडे पडून सळया दिसू लागल्या की कुणी जपानी शब्द वापरू नये, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवावं. तीस वर्षांपुढच्या इमारतींना ऑडिट सक्तीचं आहे आणि महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, ते उगाच नाही. ‘सी-वन’ म्हणजे अतिधोकादायक हे आता शेंबडं पोरही सांगेल. जुन्या इमारतींविषयी हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हा भाग गाळू नये.

पण त्याच पडक्या इमारतीच्या पोटात सुंदर म्हातारं झालेलंही बरंच असतं. जमिनीचंच पाहा. मोझेकची लादी म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून दाबलेली, बसवल्यावर मशीनने घासलेली. तिचा रंग वर छापलेला नसतो, खोलवर असतो. वरवंटा निसटून टवका उडाला तरी आत तोच माल निघतो, आणि तीस वर्षांनी पुन्हा घासून पॉलिश मारलं की ती नवी होते. ओट्यासमोरच्या दोन लाद्या नीट बघा. उभं राहून राहून त्या शेजारच्या लाद्यांपेक्षा गुळगुळीत झालेल्या असतात, आणि देव्हाऱ्याखालची तेल पिऊन काळपट. घरात कोण कुठे किती वेळ उभं होतं याची ती नोंदच आहे. छपाईच्या चकचकीत फरशीवर अशी नोंद उमटत नाही. तिचा टवका उडाला की आतून वेगळाच रंग डोकावतो आणि मग ती फक्त फुटकी दिसते.

आपल्याकडे ही दृष्टी नीट उतरलेलं काम पाहायचं तर अलिबागच्या दक्षिणेला नांदगावात बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ मध्ये पुरं केलेलं पामायरा हाऊस आहे. माडांच्या वाडीत लाकडाच्या दोन लांबट पेट्या आणि त्यांना ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांच्या झडपा. समुद्राच्या वाऱ्यात असं लाकूड करडं पडणारच, ते गृहीत धरूनच घर बांधलंय. अर्थात ते वाडीतलं सुट्टीचं घर आहे. असं लाकूड सांभाळायला माणूस लागतो, आणि नौपाड्यात नवरा-बायको दोघंही आठ-सव्वाआठच्या लोकलला धावत असतात. तेव्हा अख्खं घर तसं करायच्या फंदात पडू नये. एखादी भिंत, एखादं दार पुरे.

भिंतीचं म्हणाल तर कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारा : खाली काय आहे? खरा चुना कोरड्या, पाणी शोषणाऱ्या गिलाव्यालाच धरतो. नव्या फ्लॅटमध्ये पुट्टी आणि प्लास्टिक पेंट आधीच चोपडलेले असतात आणि त्यावर चुना टिकत नाही, भुकटी होऊन हाताला लागतो. म्हणून ‘लाइमवॉश’ म्हणून तुमच्या भिंतीवर चढतो तो बहुतेक वेळा चुन्यासारखा दिसणारा अ‍ॅक्रिलिक रंग. दिसायला वाईट नाही, पण तो म्हातारा होत नाही, नुसता मळतो. खरा चुना हवा असेल तर ताबा घेण्याआधीच बिल्डरला एक भिंत पुट्टीविना सोडायला सांगावी लागेल.

दाराची गोष्ट यापेक्षा सोपी, आणि तीच हमखास हातची जाते. जपानमधल्या इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी उतरवून शेजारच्या जागेवर नव्याने उभं करतात. मागची खेप २०१३ मध्ये झाली. पाडायचं दुःख ते करत बसत नाहीत, पण लाकूडही फेकत नाहीत. मुख्य गाभाऱ्याचे खांब मंदिराकडे जाणाऱ्या पुलाच्या दोन टोकांच्या कमानींना लागतात आणि आणखी वीस वर्षांनी तिथूनही दुसऱ्या ठिकाणी वापराला जातात. आपल्या पुनर्विकासात जुन्या सागवानी चौकटी, पितळी कड्या, कडाप्पाच्या फळ्या बहुधा पाडकाम करणाऱ्याच्या हिशेबात जातात, तिथून जुन्या लाकडाच्या बाजारात आणि फिरून एखाद्या कॅफेत. नंतर तेच टेबल आपण कौतुकाने बघतो.

हे टाळता येतं. करारनाम्यात मलब्याचा आणि जुन्या मालाचा हक्क कुणाचा लिहिलाय ते सही करण्याआधी वाचा आणि आपल्याला ठेवायच्या वस्तूंची यादी जोडून घ्या. मोझेकच्या लाद्यांवर वेळ घालवू नका, मसाल्यात बसलेल्या असल्याने त्या काढताना फुटतात. फडताळातल्या कडाप्पाच्या फळ्या कडेचा गिलावा फोडला तर बऱ्याचदा साबूत निघतात. दाराची चौकट मात्र घाईत करवतीने कापू देऊ नका. ती भिंतीत लोखंडी होल्डफास्टने धरलेली असते. तेवढे तोडले की अख्खी निघते आणि नव्या घरात दार म्हणून बसली नाही तरी सुताराला त्यातून पुरेसं सरळ लाकूड मिळतं. ते सागवानच आहे की रंग फासलेलं दुसरं काही, हे कसं ओळखायचं ते पुढच्या आठवड्यात.